गोटीराममामांचा 'येतो'

माझ्या सासऱ्यांसमोर "जाते" म्हणायची सोय नाही. जाते म्हटलं की संपलं. माणूस फाटकापर्यंत पोचलेला असला तरी त्याला हाक मारून मागे बोलावतात, ओट्यावर बसवतात, पाणी देतात आणि म्हणतात, "आता नीट म्हण." मग आपण "येते" म्हणायचं, त्यांनी "ये" म्हणायचं, आणि त्यानंतरच पाय बाहेर टाकायचा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी सिन्नरला निघाले, तेव्हा घाईत माझ्या तोंडून "जाते हं मामा" निघून गेलं. झालं! ओटा, पाणी, सगळा कार्यक्रम. तोवर माझी एसटी गेली. पुढच्या गाडीत मी सिन्नर येईपर्यंत एकटीच बडबडत होते, तर शेजारची बाई घाबरून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

त्याच 'येतो'पायी गेल्या वर्षी दोन देशांचं अडलेलं घोडं पुढे सरकलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं नसतं, तर कुणी सांगूनही माझा विश्वास बसला नसता.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. तर हे गोटीराममामा, वय पंचाहत्तर, शिक्षण चौथी. नाशकाजवळ मखमलाबादला सव्वा एकर जमीन. त्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि कडेनं झेंडू, शेवंती. विमान पाहिलंय ते खालूनच. हॉटेलांना फुलं घालून घालून चार वाक्यं इंग्रजी शिकलेत: "गुड मार्निंग", "फ्रेश फ्लावर", "नो केमिकल" आणि "आय कमिंग". यातलं तिसरं निम्मंच खरं आहे असं माझ्या सासूबाई, नवसाबाई, सगळ्यांसमोर सांगतात. चौथ्यानं काय गोंधळ घातला ते आता सांगते.

गिरणारे रस्त्याला शेखरभाऊंचं द्राक्षबागेतलं छोटं हॉटेल आहे. तिथलं स्वयंपाकघर माझ्याकडे. मागच्या जानेवारीत शेखरभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रतिभाताई, दहा दिवस परदेशी पाहुणे आहेत. सतरा माणसं. बाहेर बोर्ड लागेल 'द्राक्ष अभ्यास दौरा'. पण ते द्राक्षं बघायला आलेले नाहीत. कुणाला बोलायचं नाही." आता मला बोलायचं नाही म्हणून सांगणं म्हणजे! पण मी तोंड शिवून घेतलं. आजही देशांची नावं मी सांगणार नाही, आणि माणसांची नावं बदलूनच सांगतेय.

प्रकरण असं होतं. लांब कुठेतरी डोंगरात एक खोरं आहे. एक देश म्हणतो आमचं, दुसरा म्हणतो आमचं. तीस वर्षांपूर्वी लढाई झाली. खोऱ्याच्या वरच्या अंगाला राहणारे एका जातकुळीचे लोक खाली पळाले, खालचे दुसऱ्या जातकुळीचे वर पळाले, आणि जो तो मोकळ्या सापडलेल्या घरात शिरून राहिला. मधे तारेचं कुंपण पडलं. तेव्हापासून परिषदा चालू आहेत, मोठमोठ्या शहरांत, मोठमोठ्या टेबलांवर. तिथे पत्रकार असतात, म्हणून कुणी खरं बोलत नाही. यावेळी मध्यस्थ साहेबांनी डोकं चालवलं. उंच, शांत माणूस, सारखा चष्मा पुसायचा. त्यांनी दोन्हीकडची साधी माणसं निवडली आणि जिथे त्यांना कुत्रं ओळखत नाही अशा ठिकाणी, म्हणजे आमच्या नाशकात, आणून ठेवली.

त्यांचं इंग्रजी आम्हाला समजावून सांगायला हर्षाली होती. कॉलेजात इंग्रजी शिकवते, पोरगी चुणचुणीत. तिनंच मला लेराआजी दाखवली.

लेराआजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. हाडकुळी, डोक्याला काळा रुमाल, नजर अशी की माझीच तपासणी चाललीय असं वाटावं. तिचं घर वरच्या अंगाला राहिलं होतं. पळाली त्या दिवशी कणीक भिजवून ठेवली होती, ती तशीच ताटाखाली सोडून निघाली. बाईला एवढंच हवं होतं की मरायच्या आधी एकदा आपल्या दाराच्या पायरीवर बसावं. आणि तिच्या त्या घरात तीस वर्षं जो राहतोय तो दारिन, पन्नाशीचा शाळामास्तर, समोरच्या पार्टीतून आला होता! दोघं रोज एका खोलीत बसायचे. तो तिच्याकडे बघायचासुद्धा नाही.

"बघेल कसा?" हर्षाली म्हणाली. "त्याला वाटतं, पायरीवर बसू दिलं तर उद्या घर मागेल. त्याच्या वडिलांची कबर तिकडे खाली, यांच्या बाजूला आहे. तीस वर्षांत त्यालाही जाता आलेलं नाही."

मला दोघांचाही राग येईना, आणि मला राग न येणं म्हणजे अवघडच परिस्थिती.

पहिले दोन दिवस मी दोन वेगळ्या टेबलांवर वाढत होते. आता वर राहणारे ते वरचे इकडे, खाली राहणारे ते खालचे तिकडे, मधे पाण्याचं पिंप. मीठ हवं असलं तरी दुसऱ्या टेबलावरचं घ्यायचे नाहीत, मला हाक मारायचे. माझे पाय मोडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मामा आले. माझे मिस्टर कुंदन टेम्पो चालवतात, त्यात वांग्यांचे क्रेट आणि झेंडूच्या पाट्या. माल उतरवून झाला, तेवढ्यात पाहुणे बैठक संपवून जेवायला बाहेर पडले. मामांनी सगळ्यांना हात जोडले, तोंडभर हसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "आय कमिंग!" आणि टेम्पोत बसून निघून गेले.

मी ताटं मांडली. कुणी बसेना. मला वाटलं हात धुतायत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. भाकरी वातड व्हायला लागली. शेवटी मी हर्षालीला म्हटलं, "विचार गं यांना, जेवायचं आहे की उपास धरलाय?"

ती विचारून आली तर तिला हसू आवरेना. "ताई, ते तुमच्या मामांसाठी थांबलेत. मामा येतो म्हणाले ना! ह्यांच्यात म्हणे, येतो म्हणून सांगितलेला माणूस आल्याशिवाय घास घेत नाहीत. फार वाईट समजतात. दोन्हीकडचे तेच म्हणतायत."

मी मामांना फोन लावला. "कुठे आहात?"

"घरी. जेवून पडलोय जरा."

"इथे सतरा माणसं तुमच्यासाठी उपाशी बसलीत!"

"माझ्यासाठी? का बरं?"

माझं डोकं असं फिरलं म्हणता! "या लगेच," एवढंच म्हटलं. पण टेम्पो भाडं घेऊन गेलेला. कुंदन परत येऊन मामांना घेऊन पोचेपर्यंत पावणेतीन वाजले.

आणि त्या दोन तासांत गंमत झाली. भुकेनं सगळे सारखेच कावले. वरचा एक जण फाटकाशी जाऊन रस्ता बघायला लागला, त्याच्या मागून खालचा एक गेला. म्हातारा कुठून येईल यावर दोघांची बोटं दोन दिशांना. कुणी कुणाला सिगारेट दिली. कुणीतरी मामांची नक्कल केली, हात जोडून "आय कमिंग", तर दोन्हीकडचे हसले. एकमेकांची भाषा त्यांना येत होती की! तीस वर्षांत बोलायला विषय नव्हता, तो मामांनी दिला.

मामा आले तेव्हा मी भरीत नि भाजी मोठ्या पातेल्यांत पुन्हा गरम केली होती आणि माझा पारा चढलेला होता. मी जाहीर केलं, "आता एकच पंगत बसेल. ज्याला वेगळं बसायचं त्यानं बागेत द्राक्षं खावीत." हर्षालीनं भाषांतर गोड केलं असणार, पण माझा चेहरा त्यांना भाषांतराशिवाय कळला. बसले एका रांगेत.

भरीत वाढल्यावर नवा वाद! खालचे म्हणाले, हा तर आमचा पदार्थ, आमच्याकडे असाच वांगं भाजून करतात. वरचे म्हणाले, तुम्ही आमच्याकडून उचललात. आवाज चढले. मध्यस्थ साहेब चष्मा पुसायला लागले. मामांना कळलं कशावरून चाललंय, तसे ते म्हणाले, "वांगं माझ्या शेतातलं हाय. दोघंबी गप जेवा." हर्षालीनं हे अगदी जसंच्या तसं सांगितलं आणि लेराआजी पहिल्यांदा हसली. वरचे दोन दात नव्हते तिला.

जेवणानंतर मामांनी सगळ्यांची माफी मागितली आणि 'येतो'ची फोड करून सांगितली. "आमच्यात निघताना जातो म्हणत नाय. जातो म्हणजे कायमचंच. येतो म्हणायचं. म्हणजे आत्ता निघालो, पण आपलं संपलं नाय."

लेराआजीनं विचारलं, "कधी येणार ते सांगावं लागतं का?"

"छ्या! कधी, कशाला, किती दिवस, काय बी नाय. फक्त येतो. मात्र ते निम्मंच हाय बरं का. घरच्यानं 'या' म्हणायला लागतं. लहानगं असलं तर 'ये', मोठ्या माणसाला 'या'. तवा ते पुरं होतं."

त्या दिवसापासून मामा रोज हॉटेलवर हार करायला बसायचे आणि म्हातारी त्यांच्या पाट्यांशी येऊन बसायची, झेंडू निवडायला, ओवायला. निघताना सुई खाली ठेवून म्हणायची, "येतो." मी म्हटलं, "आजी, बाई 'येते' म्हणते. येतो बाप्ये म्हणतात." तिनं दहादा घोकलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा "येतो". मामा म्हणायचे, "असू दे गं, बाईचा भाव पोचला म्हणजे झालं."

इकडे खोलीत मात्र घोडं अडलं ते अडलंच. वाद एका शब्दाचा. खालच्यांचं म्हणणं, कागदावर लिहा, आमच्या माणसांना घरी 'परत' जायचा हक्क. वरचे म्हणायचे, परत म्हणजे घर तुमचं असं आम्ही कबूल केल्यासारखं होतं, आणि खोरंही तुमच्याच देशाचं. आम्ही लिहू, 'भेट'. खालचे उसळायचे, भेटीला पाहुणा जातो, आम्ही आमच्याच घरात पाहुणे? परत की भेट, भेट की परत. पाच दिवस. मी चहा घेऊन आत गेले की तेच दोन शब्द, मलासुद्धा पाठ झाले. नवव्या दिवशी सकाळी हर्षाली रडवेली होऊन आली. "ताई, फिसकटलं. आज दुपारी बैठक बंद करतायत. आता कधी होईल कोण जाणे. आणि लेराआजीकडे तेवढा वेळ नाही." मी कांदा चिरत होते, त्यामुळे मी रडले ते कुणाला कळलं नाही.

दुपारी शेवटचा चहा घेऊन आत गेले. मामा हार घेऊन माझ्या मागे, निरोपाचे हार आजच द्यायचे म्हणून. सगळे माना खाली घालून बसलेले. साहेब कागद गोळा करत होते. तेवढ्यात लेराआजी उठली. कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मामांकडे बोट करून तिनं मोडक्या इंग्रजीत काहीतरी म्हटलं, आणि हर्षाली माझ्या कानाशी भराभर सांगायला लागली.

"मला परत जायचं नाही. माझं वय झालं, मी त्या घरात राहून काय करू? आणि भेटीलाही जायचं नाही. मी तिथली पाहुणी नाही. मला या म्हाताऱ्यासारखं करायचंय. पायरीवर बसेन आणि निघताना 'येतो' म्हणेन. घर कुणाचं ते हा शब्द विचारत नाही."

साहेबांनी गोळा केलेले कागद हळूच पुन्हा पसरले. मग सुरू झाली पळापळ. दोन्हीकडचे फोन घेऊन बागेत पांगले, आपापल्या राजधानीत विचारायला. इंग्रजी शब्द असता तर वकिलांनी फाडून खाल्ला असता. पण हा मराठी शब्द! तिकडच्या कुणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता, त्यामुळे हरकत कशाला घ्यावी तेही कळेना. संध्याकाळी पाचला दोन्हीकडून होकार आला. कागदावर असं लिहिलं गेलं की खोऱ्यातल्या कुठल्याही माणसानं आपल्या जुन्या घरी, किंवा आपल्या माणसाच्या कबरीवर, सकाळी जावं आणि सूर्य मावळायच्या आत निघावं, आणि या जाण्याला 'येतो' म्हणावं. खोरं कोणत्या देशाचं हा प्रश्न यानं सुटत नाही आणि बिघडतही नाही. हर्षालीनं मला वाचून दाखवलं तेव्हा त्या परक्या अक्षरांच्या गर्दीत तो आमचा शब्द बसलेला पाहून मला असा काही हुरूप आला, की मी त्या दिवशी सगळ्यांना न मागता श्रीखंड वाढलं.

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. लेराआजी सरळ दारिनसमोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "येतो."

दारिनला माहीत होतं काय म्हणायचं ते. मामांनी सगळ्यांसमोरच शिकवलं होतं. त्याचे ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. मान खाली घालून तो बाहेर निघून गेला. आजी तशीच उभी राहिली.

मी मामांवरच उखडले. "बघा, कागदावर सही करतो आणि तोंडानं एक अक्षर बोलत नाही! कसला मास्तर हा?"

मामा म्हणाले, "प्रतिभा, तू लय घाई करती. इथं कुणाचं दार हाय? शेखरभाऊचं. त्यानं कुणाच्या दारात उभं राहून 'या' म्हणावं?"

दुसऱ्या दिवशी बस निघाली. सगळ्यांनी खिडकीतून हात हलवत "येतो, येतो" चा गलका केला. मामांनी एकेकाला "या, या" म्हटलं. दारिन शेवटी चढला. त्यानं मामांचा हात बराच वेळ धरून ठेवला. मामांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि मराठीतच सांगितलं, "आता नको म्हणू. दारात म्हण." त्याला काय कळलं देव जाणे.

मग नुसतीच वाट बघणं. कागद राजधान्यांत अडकला, सुटला, पुन्हा अडकला. मामा रोज हर्षालीला फोन करायचे, "म्हातारी हाय ना?" मधे ती आजारी पडल्याचं कळलं तेव्हा दोन दिवस मामांचं जेवणात लक्ष नव्हतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "माझ्या दुखण्यात इतकं नाय केलं कधी." पण देवापुढे त्यांनीच दिवा लावला.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, झेंडूची तोडणी जोरात चालू होती. हर्षाली धावतच बांधावर आली, हातात फोन. साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला होता. कागद एकदाचा सुटला होता, कुंपण ओलांडायचा पहिला 'येतो' पास लेराआजीचा निघाला होता, आणि ती सकाळपासून तिच्या घरी होती. आम्ही चौघं फोनवर वाकलो. मामांनी फुलांचे हात धोतराला पुसले.

दगडी घर, निळं दार. पायरीवर लेराआजी बसलेली, आणखी वाळलेली, तोच काळा रुमाल. बाजूला ताटात पाव होता. हर्षालीनं साहेबांचं बोलणं ऐकून सांगितलं की सकाळी दारिनच्या बायकोनं आजीसमोर पीठ आणि परात ठेवली. आजीनं स्वतः कणीक मळली. तीस वर्षांपूर्वी राहिलेला पाव तिनं आज भाजला, आणि सगळे बसून जेवले.

ऊन उतरायला लागलं होतं. निघायची वेळ झाली. आजी गुडघ्यावर हात देऊन उठली. पायरीवर एकदा तळहात ठेवला. मग वळली. दारिन दारात उभा होता, चौकटीला धरून. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, एवढंच अक्षर आहे.

आजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "येते."

येते! दहादा घोकून चुकलेली बाई, त्या दारात बरोबर बोलली. मी आत्याबाईंचा हात गच्च धरला.

दारिननं चौकटीवरचा हात खाली घेतला. दारातून पुढे आला, पायरी उतरला, आणि मोठ्या माणसाला म्हणतात तसं, नीट, मान झुकवून म्हणाला, "या."

मामा मटकन बांधावर बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, लाज न धरता. आत्याबाई म्हणाल्या, "आता कशाला रडता? म्हणाला ना तो!"

"म्हणाला," मामा म्हणाले. "पुरं झालं गं."

थोड्या वेळानं ते उठले आणि पाटी घेऊन तोडणीला लागले. मला हॉटेलवर उशीर झाला होता. फाटकापाशी गेल्यावर मी थांबले, मागे वळले आणि मोठ्यांदा ओरडले, "मामा, येते!"

झेंडूतून आवाज आला, "ये."